रात्रींची वही

भाऊबिजेची संध्याकाळ, १५ नोव्हेंबर २०२३. कोपर स्टेशनच्या खालच्या फलाटावर मी कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभा होतो. बहिणीकडे जायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. मालवणजवळच्या आमच्या गावाहून वहिनी बोलत होत्या. तिथल्या घरातल्या खोल्या आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो.

"भावजी, पयले पावणे अजून रवलेच हत आणि दुसरे खळ्यात येवन उभे. खंय ठेवू तेंका?"

खळ्यात दुसऱ्यांची गाडी लागलेली, दोरीवर पहिल्यांचे कपडे वाळत घातलेले. शेजारची खोलीही भरलेली. दोन्ही कुटुंबांना 'अवश्य या' म्हणणारा मी मात्र शेकडो किलोमीटर दूर, हातात ओवाळणीची पिशवी घेऊन उभा.

चूक कुठे झाली ते त्याच रात्री कळलं. पहिल्या कुटुंबाने फोनवर विचारलं होतं, "तेरा तारखेपासून तीन दिवस मिळेल का खोली?" लोकलच्या दारात एका हाताने दांडी धरून मी हो म्हटलं आणि घरी आल्यावर डायरीत लिहिलं : १३, १४, १५. माझ्या लेखी ते पंधराला सकाळी निघणार होते. त्यांच्या लेखी तीन दिवस म्हणजे तीन रात्री, निघायचं सोळाला. दुसऱ्या कुटुंबाने पंधरा ते सतरा अशी खोली एका संकेतस्थळावरून घेतली होती. तिथल्या कॅलेंडरवर पंधराची रात्र मोकळी दिसत होती, कारण ती मीच मोकळी सोडली होती. कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी कोणाला फसवलं नव्हतं. 'दिवस' या एका साध्या शब्दाने आमचं घर एका रात्रीसाठी दोनदा विकलं होतं.

दादा-वहिनींनी आपली खोली दुसऱ्या कुटुंबाला दिली. दादा पडवीत झोपला. त्या रात्रीचे पैसे अर्थातच घेतले नाहीत. पाहुण्यांनी बांगड्याचं तिखलं आवडीने खाल्लं आणि परत गेल्यावर संकेतस्थळावर पाचपैकी दोन तारे दिले. शेरा होता : जेवण उत्तम, खोली वेळेवर नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पुढच्या मार्चमध्ये हिशेबाला बसलो. डायरीप्रमाणे वर्षाची जमा २,४६,००० रुपये. बँकेत आलेले आणि रोख मिळून २,३४,६००. तफावत ११,४०० रुपयांची. दुसऱ्या कुटुंबाची ती रात्र या तफावतीत कुठेतरी होती, पण ती एकटी नव्हती.

कुलूप उघडलेली घरं

मी राहतो त्या कोपरच्या चाळींत आणि इमारतींत कोकणातली माणसं पुष्कळ. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत लालबाग-परळच्या खोल्या सोडून लोक मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने दिवा, कोपर, डोंबिवली असे पुढे सरकत गेले. गणपतीत दिव्याहून सावंतवाडीची पॅसेंजर पकडणं इथल्या कितीतरी घरांत अजून वार्षिक कर्तव्य आहे. एरवी गावचं घर बंद. दारावर कुलूप, चावी शेजारच्या काकूंकडे.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली. तारकर्ली, मालवण, देवबाग, वेंगुर्ला ही नावं पुणेकरांच्या आणि मुंबईकरांच्या सुट्ट्यांत शिरली. राहत्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्यासाठी राज्याच्या पर्यटन खात्याची 'न्याहरी आणि निवास' योजना आहे. केंद्राची अशीच योजना एक ते सहा खोल्या देणाऱ्या घरांना मान्यता देते. बंद घरांची कुलुपं अशी एकेक उघडू लागली. मालक कोपरला किंवा दिव्याला, सांभाळणारे भाऊ-भावजय गावात, आणि पाहुणा कुठून कुठून येणारा. व्यवहाराची तीन टोकं तीन गावांत. घोळाचं बी तिथेच पडतं.

कोपरमधल्या घरमालकाला भाडं काही नवं नाही. ब्लॉक अकरा महिन्यांच्या करारावर देणं त्याला पाठ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी करून नोंदवावाच लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. तो एकदा केला की वर्षभर निवांतपणा : दर महिन्याला एक रक्कम, एक माणूस, एक नोंद. अकरा महिन्यांच्या भाडेकरूच्या अकरा नोंदी होतात. गावच्या घरात अकरा रात्रींत सहा कुटुंबं येऊन जातात. त्यातलं एक आगाऊ पैसे देतं, एक देतच नाही, एक निम्मे देऊन येत नाही, एक दोन रात्री सांगून तिसरी वाढवतं. ब्लॉकच्या भाड्याची सवय घेऊन माणूस हा धंदा करायला जातो आणि महिन्याच्या खात्यात रात्री कोंबू बघतो. मीही तेच केलं.

खाडा नावाचा जुना धडा

आपल्याकडे पाहुण्यांची नोंद ठेवण्याची परंपरा कच्ची आहे असं मात्र म्हणता येणार नाही. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या घरांत यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये वही काढतात. आजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे आजोबांच्याच अक्षरात वाचायला मिळतं. जुनी पानं मोडी लिपीत. उपाध्यायपण वंशपरंपरेने चालतं, त्यामुळे यजमानाची नोंद हीच त्यांची मिळकत. वही गेली तर यजमान गेला. म्हणून ती इतकी जपली गेली.

गिरणगावात चित्र उलटं होतं. कोकणातल्या गावाने मुंबईत भाड्याने घेतलेली एक खोली, तिच्यात त्या गावचे वीस-पंचवीस जण. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होणार. झोपेची जागा वेळेने वाटलेली, महिन्याची वर्गणी वहीत मांडलेली. धोबीतलावला आणि माझगावात गोव्याच्या खेड्यांच्या कुडी होत्या. बोटीवर जाणारे खलाशी तिथे उतरत, पेटी ठेवत, बोट मिळाली की जात. एकच जागा, अनेक माणसं आणि वेळेची काटेकोर वाटणी. आज आपण ज्याला बुकिंग म्हणतो, ते आपल्याच आजोबांनी परळला केलेलं आहे.

पण मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडला तो खाणावळीतला शब्द, खाडा. गिरणगावात बायका घरोघरी खाणावळी चालवत. याच बायकांची संघटना म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जेवायला येणाऱ्याचे महिन्याचे पैसे ठरलेले. तो गावाला गेला, आजारी पडला, की त्या दिवशी खाडा मांडायचा. महिनाअखेर खाडे वजा करून हिशेब. जेवला तो दिवस मांडणं सोपं असतं, न जेवलेला दिवस मांडायला शिस्त लागते. खोल्यांच्या धंद्यात रद्द झालेली आरक्षणं हे आपले खाडे आहेत, आणि बहुतेक वह्यांत ते सापडत नाहीत. आरक्षण रद्द झालं की माणूस ती ओळ खोडून टाकतो. आगाऊ घेतलेले चार हजार परत केले की नाही, कोणाच्या फोनवरून केले, हे त्या खोडाखोडीखाली गाडलं जातं. माझ्या ११,४०० पैकी ४,००० तसेच गाडलेले निघाले. दादाने त्याच्या फोनवरून परत पाठवले होते. मला सांगितलंही होतं. मी ती ओळ रद्द म्हणून कधीच मांडली नव्हती, एवढंच.

एका खंडात एकच गाडी

कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जातो, वरून दिवा-वसई मार्ग. दोन वाटा एकमेकींना छेदतात, पण गाड्यांची गाठ पडत नाही, कारण रूळच वेगळ्या उंचीवर आहेत. शहराला हे परवडतं. कोकण रेल्वेच्या नशिबी ही चैन नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग बहुतांशी एकेरीच आहे. त्याच रुळावरून गाड्या जातात आणि येतात.

तरी त्या धडकत नाहीत, कारण दोन स्थानकांमधला रूळ हा एक खंड मानलेला असतो आणि एका वेळी एका खंडात एकच गाडी, हा नियम कोणासाठीही मोडत नाही. पुढच्या स्टेशन मास्तरने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय मागचा मास्तर गाडी सोडत नाही. दिलं-घेतलं त्याची वेळ नोंदवहीत चढते. क्रम ठरलेला : आधी विचारणा, मग नोंद, मग गाडी. आम्ही पॅसेंजरमध्ये बसून क्रॉसिंगला कंटाळतो, तेव्हा ही वही आपलं काम करत असते.

खोलीची एक रात्र म्हणजे असा एक खंड. तीत एकच कुटुंब मावतं. माझं चुकलं ते क्रमात : मी आधी गाडी सोडली आणि रात्री घरी जाऊन नोंद केली. आता आमच्याकडे एकच नियम आहे. 'हो' म्हणण्याआधी कॅलेंडरवर रात्र बंद करायची. लोकलमध्ये असलो तर उत्तर एवढंच : "दहा मिनिटांत कळवतो." पाहुणा दहा मिनिटं थांबतो. तेवढ्यानं गिऱ्हाईक जात नाही.

दुसरा नियम शब्दाचा. 'तीन दिवस' हा शब्द घरातून हद्दपार केला. विचारायचं ते असं : येणार कोणत्या तारखेला, निघणार कोणत्या तारखेच्या सकाळी, एकूण रात्री किती? तिन्ही उत्तरं लेखी पाठवायची आणि पाहुण्याचा होकार घ्यायचा. संगणकवाल्यांनी हा घोळ आपल्या आधी ओळखला होता. १९९८ साली ठरलेल्या आयकॅल या कॅलेंडर-पद्धतीत अशा नोंदीची शेवटची तारीख नोंदीत धरतच नाहीत. तेरा ते सोळा म्हणजे तेरा, चौदा आणि पंधरा या रात्री. सोळा तारीख मोकळी. संकेतस्थळं एकमेकांशी कॅलेंडर जुळवतात ते याच पद्धतीने. हे एकदा डोक्यात बसलं की दोन आरक्षणं भिडतात का हे तपासणं सोपं : दुसरा ज्या दिवशी येणार, त्याच दिवशी सकाळी किंवा त्याआधी पहिला निघणार असेल तर दोघांचं जमतं. नाहीतर नाही.

या जुळवणीवर डोळे मिटून विसंबू नये. एका संकेतस्थळावर खोली गेली की दुसऱ्यावर ती लगेच बंद होतेच असं नाही. कॅलेंडरं ठरावीक तासांच्या अंतराने एकमेकांना भेटतात. ऑक्टोबर ते जानेवारीच्या गर्दीत तेवढ्या अवधीत खोली दोनदा जाऊ शकते. जिथे दोन-तीनच खोल्या आहेत तिथे एक मूळ कॅलेंडर एकाच माणसाच्या हातात हवं. बाकी सगळी त्याची छायाचित्रं.

आलेला पैसा आणि मिळालेला पैसा

आता पैशाकडे. नवखा मालक बँकेचं पासबुक हीच वही मानतो. पासबुक खोटं सांगत नाही, पण अर्धंच सांगतं.

एक उदाहरण घेऊ. दोन रात्री, दर २,५०० रुपये, संकेतस्थळावरून आलेला पाहुणा. खोलीचं भाडं झालं ५,०००. संकेतस्थळाचं कमिशन १५ टक्के धरलं तर ७५०, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १३५. खात्यात जमा ४,११५. बहुतेक लोक वहीत ४,११५ लिहितात आणि वही बंद करतात. खरं उत्पन्न ५,००० आहे आणि खर्च ८८५. वेगळं मांडलं नाही तर कोणतं संकेतस्थळ किती कापतं हे कधीच कळत नाही. शिवाय प्राप्तिकर खात्याकडे आकडा जातो तो ५,००० चा. ऑनलाइन व्यासपीठांना एकूण रकमेवर मूळ स्रोतातून कर कापावा लागतो. आधी तो एक टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. पॅन दिलेल्या व्यक्तीला त्या व्यासपीठावरची वर्षाची उलाढाल पाच लाखांपर्यंत असेल तर त्यातून सूट आहे. माझ्या तफावतीतले ५,३१० रुपये असेच निघाले : ३०,००० च्या आरक्षणांवर ४,५०० कमिशन आणि ८१० जीएसटी. ते कुठे हरवले नव्हते. मी त्यांना खर्चात जागाच दिली नव्हती.

दुसरी गोम अशी की संकेतस्थळ कधी तीन आरक्षणांचे पैसे एका रकमेत पाठवतं. ९,८७६ असा आकडा खात्यात येतो आणि तो कोणत्या पाहुण्याचा हे सांगणारं कोणी नसतं. उपाय जुनाच : प्रत्येक आरक्षणाला क्रमांक. आमच्याकडे '२५/०४१' म्हणजे २०२५ मधलं एक्केचाळिसावं. वहीत तोच, पावतीवर तोच, बँकेतल्या रकमेसमोर तोच. रद्द झालं तरी क्रमांक मरत नाही. ४१ रद्द झाला म्हणून पुढच्याला ४१ देता येत नाही. त्याच्यासमोर लाल शाईत खाडा आणि परतीची रक्कम.

तिसरी गोष्ट आगाऊ रकमेची. गणपतीत घेतलेली डिसेंबरची आगाऊ रक्कम आपली नसते. पाहुणा येऊन राहीपर्यंत ते देणं आहे, उसने आणलेल्या साखरेसारखं. आम्ही मात्र मिळाल्या दिवशी ती जमा धरून पंखा घेतो आणि आरक्षण रद्द झालं की घरखर्चातून परत करतो. आगाऊ रकमेचं पान वेगळं हवं. पाहुणा दारातून आत आला की तिथून रक्कम उचलायची आणि भाड्याच्या पानावर टाकायची. ३० मार्चला येऊन २ एप्रिलला जाणारा पाहुणा तीन रात्री राहतो : दोन या आर्थिक वर्षातल्या, एक पुढच्या. रात्रीची वही असेल तर ही वाटणी आपोआप होते.

जीएसटीचं थोडक्यात. १८ जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांच्या आतल्या खोलीला कर नव्हता. त्या दिवसापासून तो १२ टक्के लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक नाही. आमच्यासारखी दोन-तीन खोल्यांची घरं त्यातच बसतात. पण हा नोंदणी नसलेला मालक संकेतस्थळावरून खोली देतो तेव्हा त्यावरचा कर संकेतस्थळ स्वतः पाहुण्याकडून घेऊन भरतं. म्हणजे एकाच खोलीच्या वहीत फोनवरून आलेला आणि संकेतस्थळावरून आलेला पाहुणा वेगळे मांडावे लागतात. निवासी घराच्या भाड्याचं उत्पन्न धंद्यात न दाखवता घराच्या मिळकतीत दाखवायचं, असं २०२४ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केलं. पण चहा-न्याहरी, जेवण, चादरी अशी सेवा जोडली की सदर कोणतं हा प्रश्न गुंततो. तो आपण सोडवू नये, सीएला विचारावा. सीए मात्र पहिला प्रश्न हाच विचारेल : रात्री किती, कोण, केव्हा?

ओळखपत्राची झेरॉक्स

पाहुण्यांच्या नोंदीला हिशेबाखेरीज आणखी एक मालक आहे, तो म्हणजे कायदा. १८६७ च्या सराय कायद्यापासून उतारू ठेवणाऱ्याने नोंद ठेवावी ही अपेक्षा या देशात आहे. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. परदेशी नागरिक उतरला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. वर्षानुवर्षे सगळे तिला 'फॉर्म सी' म्हणत आले. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, तरी उतरवून घेणाऱ्यावरची ही जबाबदारी कायम आहे. "आपलाच मराठी माणूस आहे, न्यू जर्सीहून आलाय" हे उत्तर इथे चालत नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा ते बघायचं.

इथे दुसऱ्या टोकाची चूकही होते. आमच्या घरी एका बरणीत पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स साठत होत्या, चुरमुऱ्यासारख्या. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने अशा झेरॉक्स कोणालाही देऊ नका असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. गोंधळ उडाला, पण त्यातून एक उपयोगी गोष्ट लोकांना कळली : शेवटचे चार आकडेच दिसतील असं झाकलेलं आधार मिळतं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला. वहीत नाव, गाव, फोन, ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे लिहावेत. झेरॉक्स घ्यावीच लागली तर ती कुलपात असावी आणि मुदत संपली की जाळावी. घर आपण पाहुण्याला भाड्याने देतो, त्याने त्याचं कार्ड आपल्याला भाड्याने दिलेलं नसतं.

तीन वह्यांचा मेळ

सध्या आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन वह्या समोरासमोर येतात. कोपरला माझं कॅलेंडर : कोणी यायचं ठरवलं होतं. गावात वहिनींची वही : खरंच कोण आलं. आणि बँकेचा उतारा : पैसे कोणाचे आले. फोनवर दादा वाचतो, मी टिकमार्क करतो. तिन्हींत असलेली रात्र सुटली. दोहोंतच असलेली रात्र शोधायची. कॅलेंडर आणि वही जुळते पण बँकेत नाही, म्हणजे रोख घेतली किंवा यायची राहिली. कॅलेंडरात आणि बँकेत आहे पण वहीत नाही, म्हणजे पाहुणा आलाच नाही आणि परतीचा प्रश्न उघडा आहे. वहीत आणि बँकेत आहे पण कॅलेंडरात नाही, म्हणजे वहिनींनी दारात आलेल्याला खोली दिली आणि मला कळवायचं राहिलं. हीच सर्वांत धोक्याची, कारण त्या रात्री मी कोपरहून ती खोली दुसऱ्याला देऊ शकलो असतो.

हा मेळ घालायला आम्हाला पाऊण तास लागतो. त्यातून एक आकडा फुकट मिळतो. दोन खोल्या आणि तीस दिवस म्हणजे महिन्याला साठ रात्री विकायला. समजा सत्तावीस गेल्या, तर भरती ४५ टक्के. सरासरी दर २,००० असेल तर मिळकत ५४,०००, म्हणजे हाताशी असलेल्या दर रात्रीमागे ९०० रुपये. दर वाढवावा का, पावसाळ्यात बंद ठेवावं का, तिसरी खोली बांधायला कर्ज काढावं का, हे या शेवटच्या आकड्याला विचारायचं. 'सीझन जोरात चाललाय' या वाक्याला विचारू नये. जोरात चाललेल्या सीझनने कोकणात बांधलेल्या रिकाम्या खोल्या मी पाहिल्या आहेत.

आता त्या ११,४०० चं. कमिशन ५,३१०, दादाने परत केलेले ४,०००, भाऊबिजेच्या रात्रीचे न घेतलेले २,०००. बेरीज ११,३१०. राहिले ९० रुपये. दोनदा तपासलं, सापडेनात. मे महिन्यात गावाला गेलो तेव्हा वहिनींची वही पहिल्यांदा हातात घेतली. शाळेतली दोनशे पानी, वर नातवाचं नाव खोडलेलं. आत प्रत्येक पाहुण्यासमोर आल्याची वेळ, गेल्याची वेळ, माणसं किती, मासे कोणते. आणि १६ नोव्हेंबरच्या ओळीत, पहिलं कुटुंब गेलं त्या सकाळी : 'रोख २०००. त्यातून गॅस लायटर ९०.' १५ नोव्हेंबरची ओळही होती : 'दुसरी मंडळी. खोली नाय. आमची दिली.'

घोळाची पुरी हकीकत त्या वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. माझ्या फोनमधल्या कोष्टकात ती नव्हती, कारण मी पैसे मांडत होतो आणि वहिनी रात्री मांडत होत्या. पैशाची नोंद बँकही ठेवते. कोण आलं, कधी आलं, कुठे झोपलं, हे दारात उभं असलेलं माणूसच लिहू शकतं.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पूजतात आणि पाडव्याला तिच्यात पहिली ओळ लिहितात. या दिवाळीत ज्यांचं गावचं घर उघडायच्या बेतात आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे : गाद्या, पडदे आणि वायफाय यांच्या आधी एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या बाजूला तारखा नव्हे, रात्री लिहा. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक द्या, खाडे खोडू नका. आणि ती वही कोपरला ठेवू नका. ज्यांच्या हातात दाराची चावी आहे त्यांच्याकडे द्या.

आमच्या घरी या वर्षी पूजेला वहिनींचीच वही आहे. लायटर अजून चालतो.